आम्ही कंट्रोल गटातले

मेंदूचे स्कॅन काढून संशोधन करणाऱ्यांना आजारी माणसं हवी तेवढी मिळतात. ओपीडीबाहेर त्यांची रांगच असते. मिळत नाहीत ती धडधाकट माणसं. नुसते पेशंट स्कॅन केले तर कोणी विचारत नाही. त्यांच्याच वयाची, तेवढीच शिकलेली, पण काही म्हणजे काहीही न झालेली माणसं शेजारी उभी करावी लागतात आणि मग दोन गटांत फरक काय ते सांगावं लागतं. या दुसऱ्या गटाला ‘कंट्रोल’ म्हणतात. पंचेचाळिशी ओलांडलेला, बीपी नसलेला, शुगर नसलेला, झोपेची गोळी न घेणारा, अंगात कुठे स्टेंट किंवा स्क्रू न बसवलेला आणि तरीही मंगळवारी दुपारी तीन वाजता मोकळा असलेला एक माणूस आपल्या ओळखीत शोधून बघा.

आमची भाची मायग्रेनवर पीएचडी करते. पेशंट तिला चटकन मिळाले. कंट्रोलसाठी मात्र तिने आईकडच्या आणि वडिलांकडच्या सगळ्या नातेवाइकांची यादी करायला घेतली. ती वही बघून तिच्या आईला वाटलं, पोरीने अखेर लग्नाचं मनावर घेतलं. यादीतली नावं भराभर खोडली गेली. थोरल्या काकांना पेसमेकर. मावशीच्या दोन्ही गुडघ्यांत धातू. आतेभावाच्या दंडावर राजमुद्रेचा टॅटू, आणि त्या शाईत काय असेल याची खात्री कोण देणार? एका काकांना बंद जागेची भीती. ते पाचव्या मजल्यावरही जिन्याने जातात. एक मेहुणे सगळ्या अटींत बसले, पण त्यांनी विचारलं, “आत्तापर्यंत मला काही झालेलं नाही. तुमच्या स्कॅनमध्ये काही निघालं, तर कोण निस्तरणार?” उरलो मी.

“मामा, तू नॉर्मल आहेस ना?” तिने फोनवर विचारलं.

फोन स्पीकरवर होता. “कोणाच्या मापाने?” स्वयंपाकघरातून प्रश्न आला.

“तसं नाही गं मामी. त्याचं डोकं दुखतं का कधी?”

“यांचं नाही दुखत. यांच्यामुळे दुखतं.”

“मग चालेल,” भाची म्हणाली. तिच्या आवाजातला आनंद मला नीटसा आवडला नाही.

फॉर्म भरायला ती घरीच आली. ‘शिक्षणाची एकूण वर्षे’ या रकान्यापाशी आम्ही पहिल्यांदा अडखळलो. मी बारावीत तीन वर्षं काढली आहेत. ती तीन धरायची की एक?

“पास झालेलं वर्षच धरतात, मामा.”

“म्हणजे उरलेल्या दोन वर्षांत माझ्या मेंदूत काहीच पडलं नाही, असं तुझं म्हणणं?”

तिने पेन खाली ठेवलं. हा आकडा पुढे संगणकात जाणार होता. दोन्ही गटांचं शिक्षण सारखं नसेल तर सापडलेला फरक डोकेदुखीचा की शाळेचा, ते कळणार नाही. माझ्या नापास होण्याचा मायग्रेनच्या संशोधनाला असा उपसर्ग होईल, हे आमच्या कॉलेजातही कुणाला सुचलं नसेल.

मग आली हातांची परीक्षा. ही एडिनबरोची प्रश्नावली १९७१ सालची आहे आणि मेंदूवाले ती अजून वापरतात. लिहिणं, चित्र काढणं, कात्री, ब्रश, चमचा, काडी ओढणं अशी दहा कामं, आणि प्रत्येक काम कोणत्या हाताने करता ते सांगायचं. त्यांत झाडूसुद्धा आहे: झाडताना कोणता हात वर असतो? खाली सूचना होती की, ज्या वस्तूचा आपल्याला अजिबात अनुभव नाही तिच्यापुढचीच जागा कोरी सोडावी. बायकोने माझ्या हातातून फॉर्म घेतला, झाडूपुढची जागा कोरी सोडली आणि परत दिला.

प्रत्यक्ष स्कॅनच्या दिवशी घड्याळ, पट्टा, चाव्या, जानवं, पाकीट सगळं काढून घेतलं. जानव्यात धातू नसतो, पण त्याला अडकवलेली कपाटाची किल्ली मशीनला चालत नाही. मशीन तीन टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या पन्नास-साठ हजार पट. मग भाचीने माझ्या उजव्या कपाळाला व्हिटॅमिन ई ची एक कॅप्सूल चिकटपट्टीने चिकटवली.

“ही खायची नाही का?”

“नाही. स्कॅनमध्ये ती पांढरी दिसते. त्यावरून कळतं की ही तुझी उजवी बाजू.”

रेडिओलॉजीत माणसाची उजवी बाजू चित्रात डावीकडे दाखवायची पद्धत आहे, आणि मेंदूवाल्या काही सॉफ्टवेअरमध्ये ती उजवीकडेच दाखवतात. त्यामुळे जगभरातल्या हुशार माणसांना आपल्यासमोरचा मेंदू उजवा की डावा हे ठरवायला औषधाच्या दुकानातली कॅप्सूल लागते. हे ऐकल्यापासून मला ड्रायव्हिंगच्या परीक्षेत झालेल्या प्रकाराचं एवढं वाईट वाटत नाही.

आत गेल्यावर सूचना मिळाली: समोरच्या अधिकच्या चिन्हाकडे बघा, डोळे उघडे ठेवा, हलू नका, झोपू नका आणि विशेष काही विचार करू नका. बँकेत इतकी वर्षं नोकरी केल्यावर ही मला स्वतःची खासियत वाटत होती. पण मशीनने ठोकाठोकी सुरू केली आणि नाकाच्या शेंड्याला खाज सुटली. खाजेवर विचार करू नये म्हणून मी कर्जाच्या हप्त्यांवर विचार करू लागलो, आणि त्याने श्वास जोरात चालू लागला.

“मामा, हलतोयस,” कानातल्या स्पीकरमधून आवाज.

“श्वास घेतोय.”

“जरा कमी घे.”

हा चेष्टेचा विषय नाही, हे तिने नंतर समजावलं. डोकं मिलिमीटरच्या अंशाने हललं तरी मेंदूच्या दोन भागांमधलं नातं खोटंच कमी-जास्त दिसू लागतं. २०१२ साली काही जणांनी हे पद्धतशीर दाखवून दिलं तेव्हा बऱ्याच प्रयोगशाळांत शांतता पसरली. कारण पेशंट निरोग्यांपेक्षा जास्त हलतात, आणि लहान मुलं मोठ्यांपेक्षा. मुलांच्या आणि मोठ्यांच्या मेंदूच्या जोडणीतला फरक म्हणून जे छापलं गेलं, त्यातलं काही चुळबुळ करण्यातला फरक निघालं. तो तर कुठल्याही बालवाडीच्या बाईंनी फुकट सांगितला असता.

भाचीच्या मेसला रविवारी संध्याकाळी सुट्टी असते. त्यामुळे पुढचे कित्येक रविवार ती आमच्याकडे जेवायला लॅपटॉप घेऊन येत राहिली, आणि माझ्या मेंदूचं पुढे काय झालं ते मला डायनिंग टेबलावर बघायला मिळालं. माझा असा समज होता की, स्क्रीनवर जे लाल-पिवळे ठिपके दिसतात ते विचार. “आम्ही विचार बघत नाही, मामा. रक्त बघतो,” ती म्हणाली. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे ऑक्सिजनवालं रक्त जास्त जातं, आणि त्या रक्ताचा चुंबकाला मिळणारा प्रतिसाद जरा निराळा असतो. सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञाने अमेरिकेत, बेल लॅब्जमध्ये, १९९० च्या सुमारास हे दाखवलं. रक्तही लगेच जात नाही. पाच-सहा सेकंद उशिरा पोहोचतं. एकूण सरकारी कामकाजाचा अनुभव असल्यामुळे मला हे लगेच पटलं.

“आता तुझा मेंदू कॅनडात बसवते,” एका रविवारी तिने भाकरी मोडता मोडता जाहीर केलं.

झालं असं की, प्रत्येकाचा मेंदू आकाराने वेगळा. दोन गटांची तुलना करायची तर सगळ्यांचे मेंदू ताणून, दाबून, वळवून एकाच साच्यात बसवावे लागतात. सगळ्यात जास्त वापरला जाणारा साचा माँट्रियलच्या संस्थेचा, १५२ तरुण माणसांच्या स्कॅनची सरासरी काढून केलेला. त्याआधी तालेराक नावाच्या फ्रेंच डॉक्टरांचा १९८८ चा नकाशा चालायचा. तो एका साठ वर्षांच्या फ्रेंच बाईंच्या मेंदूवरून काढला होता, अर्थात त्या वारल्यानंतर. जगातले पुरुष, मुलं, खेळाडू, प्राध्यापक, सगळ्यांना त्या बाईंच्या मापात बसवून वर्षानुवर्षं संशोधन झालं.

“बिचारीला कोणी विचारलं होतं का?” बायकोने विचारलं.

“हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१९ मध्ये शंभर भारतीयांचा साचा केलाय, मामी. आपला मेंदू सरासरीने जरा लहान निघाला. लांबी, रुंदी, उंची, सगळंच थोडं कमी.”

“मग माझा ताणून कॅनडात घालणार?” मी म्हणालो. “सैल नाही ना राहणार?”

बायको काही बोलली नाही. तिने फक्त माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

ताणून झाल्यावर चित्र पुसट करायचं असतं. हे मी तिला पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. कोट्यवधी रुपयांचं मशीन आणायचं, माणसाला श्वास कमी घ्यायला सांगून दोन-तीन मिलिमीटर बारकाव्याचं चित्र काढायचं आणि मग ते सहा-आठ मिलिमीटरपर्यंत मुद्दाम अस्पष्ट करायचं. कारण ताणाताणी कितीही केली तरी एकाचा मेंदू दुसऱ्याच्या मेंदूवर तंतोतंत बसत नाही. पुसट केला की बसल्यासारखा दिसतो.

एवढं झाल्यावर मुख्य विधी. सॉफ्टवेअरमध्ये दोन उभे रकाने, पेशंटचा एक आणि आमचा एक. खाली दोन आकडे भरायचे. तिने पेशंटपुढे १ लिहिलं आणि आमच्यापुढे उणे १.

“नॉर्मल माणसं उणे?”

“तसं काही नसतं, मामा. उलट बघायचं असेल तर तू एक, ते उणे एक.”

“मग आधी तेच बघ.”

यालाच टी-टेस्ट म्हणतात. गॉसेट नावाच्या गृहस्थांनी ती १९०८ मध्ये काढली. ते डब्लिनच्या गिनेस बिअरच्या कारखान्यात नोकरीला होते. कारखाना स्वतःच्या नावाने काही छापू देत नसे, म्हणून त्यांनी ‘स्टुडंट’ या नावाने लेख लिहिला. त्यांना थोड्याशा नमुन्यांवरून बार्लीचा अंदाज घ्यायचा होता. आता तीच टेस्ट माझ्या डोक्यावर चालवतात, आणि ती एकदाच चालवून भागत नाही. मेंदूचे बारीक चौकोनी तुकडे करतात. त्यांना व्हॉक्सेल म्हणतात. दोन मिलिमीटरचा तुकडा धरला तर एका मेंदूत असे दोन लाखांहून जास्त भरतात. प्रत्येक तुकड्यासाठी वेगळी टेस्ट. विसात एक वेळा चूक चालेल असं ठरवलं, तर काहीही फरक नसताना दहा हजारांवर तुकडे उगाचच लाल होतात.

या लाल होण्याची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट माशाची आहे. क्रेग बेनेट नावाच्या अमेरिकन संशोधकाने बाजारातून एक सालमन आणला, सुमारे पावणेदोन किलोचा, मेलेला. त्याला स्कॅनरमध्ये ठेवला, माणसांचे फोटो दाखवले आणि या माणसाला काय वाटत असेल ते ओळख, असं सांगितलं. नेहमीची ढिली पद्धत लावल्यावर मेलेल्या माशाच्या मेंदूत चक्क हालचाल दिसली. नीट दुरुस्ती लावल्यावर ती गेली. २००९ साली बेनेट मंडळींनी हे पोस्टरवर मांडलं, आणि २०१२ मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं.

आमच्या घरी या प्रयोगाचं स्वागत जरा वेगळं झालं. बायकोचं माहेर मालवणचं. “एवढा मोठा मासा मशीनमध्ये घालून फुकट घालवला?” ती म्हणाली, आणि बराच वेळ त्या विषयावरून हलली नाही.

भाचीने नीट दुरुस्ती लावली. स्क्रीनवरचे सगळे ठिपके गेले. मायग्रेनचे पंचवीसेक पेशंट आणि आम्ही तेवढेच निरोगी, दोघांच्या मेंदूत काडीचा फरक नाही. मला मनापासून बरं वाटलं. त्यांना काही विशेष झालेलं नाही, आम्हालाही नाही. तिच्या गाइड सरांना मात्र फोनवर बरं वाटलेलं दिसलं नाही.

“असं कसं? पेशंट आहेत ते. बघ, काहीतरी असेलच.”

यातलं दुःख मला समजतं. दोन गट समोर आले की फरक असलाच पाहिजे, हे आपण मोठ्या निष्ठेने मानतो. फरक नाही हे कळायला इतका खर्च केला, असं सांगायला कोणाची जीभ रेटत नाही, आणि नियतकालिकंही ते छापायला उत्सुक नसतात. सरांनी पुढच्या आठवड्यात तोड काढली. दोन गटांची तुलना करूच नकोस. आधी फक्त पेशंट बघ, मग फक्त कंट्रोल बघ. तसं केल्यावर कपाळामागच्या एका ठिकाणी पेशंटमध्ये ठिपका उठला, आमच्यात उठला नाही.

“झालं तर! त्यांच्यात आहे, यांच्यात नाही. म्हणजे फरक आहे.”

“सर, कंट्रोलमध्ये पण आहे, फक्त रेषेच्या किंचित खाली आहे,” भाची पुटपुटली.

हे मात्र मला तिच्याही आधी कळलं. बारावीच्या पहिल्या वर्षी मला गणितात चौतीस होते आणि माझ्या मित्राला पस्तीस. तो पास, मी नापास. पण त्याला गणित येतं आणि मला येत नाही, हे आमच्या सरांनी कधी म्हटलं नाही. त्यांच्या मते दोघांनाही येत नव्हतं. एवढा साधा घोटाळा शास्त्रज्ञ कसा करतील, असं मी म्हणणार होतो. तेवढ्यात भाचीने सांगितलं की, २०११ मध्ये काही जणांनी मोठमोठ्या नियतकालिकांतले मेंदूविषयक लेख तपासले. अशी चूक करायला वाव असलेले १५७ लेख निघाले. ७८ जणांनी बरोबर केलं होतं आणि ७९ जणांनी चूक. बहुमत भाचीच्या सरांच्या बाजूने आहे.

सॉफ्टवेअरवर तरी विसंबावं म्हटलं, तर त्याचीही कथा आहे. स्वीडनच्या अँडर्स एकलुंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी लोकांचे, नुसते पडून राहिलेल्यांचे, ४९९ स्कॅन घेतले. त्यातून चिठ्ठ्या टाकाव्या तसे गट पाडत राहिले आणि त्यांची तुलना करत राहिले. सगळेच निरोगी, सगळेच स्वस्थ, त्यामुळे फरक सापडायला नको. चुकून शंभरात पाच वेळा सापडला तर हरकत नाही, असं सॉफ्टवेअर स्वतःच म्हणत होतं. ठिपक्यांचे पुंजके मोजायच्या काही पद्धतींत तो सत्तर टक्क्यांपर्यंत सापडला. २०१६ मध्ये हे छापून आल्यावर कळलं की, एका सॉफ्टवेअरमधली एक चूक पंधरा वर्षं कुणाच्या लक्षात आली नव्हती. आमच्या शाखेत कॅशमध्ये पंधरा रुपये कमी भरले तर रात्री नऊपर्यंत कोणी घरी जात नाही.

“मग तुमच्यात कधी कोणाला खरंखुरं काही सापडतं की नाही?” बायकोने एकदा सरळच विचारलं.

सापडतं. लंडनच्या सोळा टॅक्सीवाल्यांची पन्नास इतर माणसांशी तुलना झाली होती, २००० साली. हजारो रस्ते पाठ केल्याशिवाय तिथे परवाना मिळत नाही. त्यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाची मागची बाजू मोठी निघाली. त्यावर लोकांनी शंका काढली की, हे रस्ते लक्षात ठेवण्याने झालं की दिवसभर गाडी हाकण्याने आणि गिऱ्हाइकांशी वाद घालण्याने? म्हणून काही वर्षांनी टॅक्सीवाल्यांना लंडनच्याच बस ड्रायव्हरांशी ताडून पाहिलं, कारण बसही दिवसभर चालते, पण ठरलेल्याच रस्त्याने. तरी फरक टिकला. हे ऐकून मी गप्प झालो. घर ते बँक, बँक ते भाजी मंडई, मंडई ते घर हा माझा मार्ग गेली वीस वर्षं बदललेला नाही. हिप्पोकॅम्पसचा विषय मी पुन्हा काढला नाही.

दरम्यान सरांना आणखी एक गोष्ट आठवली. डोकं किती हललं तर माणूस बाद करायचा? तीन मिलिमीटर असं आधी ठरलं होतं. सर म्हणाले, “लिटरेचरमध्ये दोनसुद्धा आहे.” आहे, हे खरंच आहे. लिटरेचरमध्ये काय नाही? २०२० च्या ‘नेचर’मध्ये आलंय की, एकच स्कॅनचा संच सत्तर चमूंना दिला आणि तेच नऊ प्रश्न विचारले, तर कुठल्याही दोन चमूंची पद्धत तंतोतंत एक निघाली नाही आणि उत्तरंही जागोजागी वेगळी आली. भाचीने दोन दिवस वाद घातला, तिसऱ्या दिवशी दोन मिलिमीटर लावले, आणि आमच्याकडे जेवायला आली तेव्हा तिच्या हातात श्रीखंडाचा डबा होता.

“मामा, रागावू नकोस.”

“किती?”

“दोन पूर्णांक तीन.”

मला वगळल्याबरोबर टेस्टच्या उत्तरात ०.०६ चे ०.०४ झाले, म्हणजे विसात एकच्या रेषेच्या आत आले. सरांना फरक मिळाला. भाचीचं म्हणणं, ती प्रबंधात दोन्ही आकडे छापणार आणि सरांशी पुन्हा भांडणार. माझं म्हणणं एवढंच की, एका माणसाच्या नाकाला खाज सुटल्याने जगाला मायग्रेनचं कारण कळायचं राहणार असेल, तर त्या माणसाला प्रबंधात निदान आभार तरी मिळावेत.

माझ्या जागी समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ गेले. ते बॅडमिंटन खेळतात, सकाळी गरम पाणी पितात आणि स्कॅनरमध्ये म्हणे एकदाही हलले नाहीत. स्कॅन देणाऱ्या प्रत्येकाला मेंदूचं एक छापील चित्र भेट देतात. परवा ते आपलं चित्र लॅमिनेट करून घेऊन आले. “तुमचंही काढा की,” म्हणाले. “शेजारी शेजारी ठेवून बघू, काय फरक आहे ते.”

मी त्यांना साचा, पुसटपणा, दुरुस्ती, मासा असं सगळं सांगायला लागलो. एकेका माणसावरून काहीही म्हणता येत नाही, हेही सांगितलं. तोपर्यंत बायकोने दोन्ही चित्रं टेबलावर लावली होती आणि चष्मा चढवला होता.

“यांचा जरा भरलेला दिसतो,” समोरच्यांच्या चित्रावर बोट ठेवून ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.